स्लायसर एकसारखे काप देत नाही, पाते मंदावते, आवाज येतो : मूळ कारण कसे शोधावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : व्यावसायिक स्वयंपाकघरातील ३०० मिलिमीटर पात्याचा, तिरप्या बैठकीचा आणि पट्ट्यावर चालणारा स्लायसर काही आठवड्यांपासून एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ काप देतो; घट्ट जिन्नस लावला की पाते मंदावते; चालू असताना टकटक असा आवाज येतो; पाते नवे बसवूनही फरक पडलेला नाही आणि आता मोटर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. मोटर बदलण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही तिन्ही लक्षणे एकाच कारणातून आली असतीलच असे नाही आणि त्यांपैकी फक्त एकाचा, म्हणजे मंदावण्याचा, मोटरशी संबंध असू शकतो. या यंत्रात दोष दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडे. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी काप नीट पाहावेत आणि आवाज नीट ऐकावा. निम्मे निदान तिथेच होते.

त्याआधी सुरक्षिततेविषयी. तपासणीसाठी हात आत घालण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. गेज प्लेट, म्हणजे कापाची जाडी ठरवणारी पाट्यासारखी प्लेट, शून्यावर आणावी, म्हणजे धार तिच्या आड जाते. हातात धातूच्या जाळीचे किंवा कापले न जाणारे हातमोजे असावेत, कारण थांबलेले पातेसुद्धा बोट कापते. साफसफाई करताना, यंत्र बंद असताना झालेल्या जखमा या यंत्राच्या बाबतीत नित्याच्या आहेत. पाते फिरवून पाहायचे असेल तर धारेला हात न लावता शक्यतो खालच्या पुलीने फिरवावे. यंत्र सुरू ठेवून ज्या चाचण्या करायच्या, त्या सगळी गार्ड जागेवर असतानाच कराव्यात.

यंत्राची मूळ कल्पना ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे सोपे जाते. रॉटरडॅमचे खाटीक व्हिल्हेल्म फान बेर्केल यांनी १८९८ मध्ये पहिले स्लायसर यंत्र आणले, तेव्हा सुरीने ओढून कापण्याची हाताची क्रिया त्यांनी दोन हालचालींत विभागली : मागून पोकळ असलेले गोल पाते जागच्या जागी फिरते आणि जिन्नस धरलेली कॅरेज त्याच्यासमोरून सरकते. आजच्या यंत्रातही हेच दोन भाग आहेत, आणि कापाची जाडी ठरवणारी गेज प्लेट हा तिसरा. कापाचा प्रत्येक दोष या तिघांपैकी कोणाचा तरी असतो, किंवा जिन्नस नीट धरलेला नसतो.

कोणाचा दोष आहे हे ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी करावी. घट्ट आणि सर्वत्र एकसारखा असा एखादा चौकोनी जिन्नस थंड करून घ्यावा, जाडी ३ मिलिमीटरवर ठेवावी आणि सलग दहाबारा काप घ्यावेत. पहिले दोन बाजूला काढावेत. बाकीचे ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने मांडून, प्रत्येकाची जाडी वरच्या, खालच्या, पुढच्या आणि मागच्या कडेला व्हर्नियरने मोजून लिहून काढावी. प्रत्येक काप एकाच कडेला तेवढाच जाड निघाला तर गेज प्लेट पात्याला समांतर नाही. प्रत्येक काप स्वतः सपाट आहे, पण पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जाडी वाढत गेली, तर प्लेट आपल्या जागेवरून सरकते आहे. जाडी कधी अशी तर कधी तशी, कुठलाच क्रम नाही, असे असेल तर धार बोथट आहे, जिन्नस दाबकाखाली, म्हणजे त्याला दाबून धरणाऱ्या भागाखाली, हलतो आहे किंवा कॅरेज ढिली आहे.

चौथा प्रकार कापाच्या पृष्ठभागावर बारीक लाटांचा असतो आणि त्याचे कारण वेगावरून पकडता येते. पाते मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ५ फेऱ्या होतात. कॅरेजची एक खेप एका सेकंदात केली आणि कापावर साधारण पाच लाटा उमटल्या, तीच खेप दोन सेकंदांत केल्यावर त्या दहा झाल्या आणि जवळजवळ आल्या, तर पाते सरळ फिरत नाही. वेग बदलला तरी लाट त्याच जागी उमटत राहिली, तर पाते निर्दोष आहे आणि कॅरेजच्या सळईवर त्या ठिकाणी खाच किंवा चिकटलेला मळ आहे.

आपल्या यंत्रात पाते बदलूनही फरक पडला नाही, याचा अर्थ पाहणी पात्याच्या मागच्या बैठकीपासून सुरू केली पाहिजे. पाते ज्या गोल चकतीवर बसते, तिच्यावर स्निग्ध पदार्थ आणि बारीक कण साठून कडक, पिवळसर थर तयार होतो. तो नखाने निघत नाही आणि कापडाने पुसल्यावर चकाकतो, त्यामुळे तो धातूच आहे असे वाटते. बैठकीचा व्यास ६० मिलिमीटर आहे आणि तिच्या एका बाजूला फक्त ०.१ मिलिमीटरचा थर राहिला आहे, असे धरू. ३०० मिलिमीटरच्या पात्यावर हीच तिरपाई पाचपट होते, म्हणजे समोरासमोरच्या कडांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. एक मिलिमीटरचे काप घ्यायचे असतील तर हा फरक प्रचंड आहे. नवे पाते त्याच थरावर बसवले की तेही तसेच डोलते आणि दोष मात्र पात्यावर येतो.

म्हणून पाते काढण्याच्या साधनाने, धार झाकून, पाते उतरवावे. बैठक गरम पाणी व सौम्य साबणाने ओली करून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावी आणि पूर्ण कोरडी करावी. धातूची पट्टी वापरल्यास ओरखडे पडतात व त्यांचे उंचवटे पुन्हा तोच दोष निर्माण करतात. पात्याची मागची बाजूही तशीच स्वच्छ करावी. बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने टेकवावेत, मग समोरासमोरच्या जोड्यांनी दोनतीन फेऱ्यांत आवळावेत. काही यंत्रांत मध्यभागी एकच नट असतो व त्याचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्यापूर्वी दिशा पाहून घ्यावी. डायल गेज (काट्याने सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) असेल तर पाते सावकाश फिरवून धारेजवळच्या सपाट भागावर फरक पाहावा. बैठक स्वच्छ असूनही फरक उरला, तर पाते बैठकीवर अर्ध्या फेरीने फिरवून पुन्हा बसवावे. डोलणे पात्यासोबत फिरले तर पाते वाकडे आहे. ते बैठकीच्या त्याच बाजूला राहिले तर बैठक किंवा शाफ्ट वाकडा आहे. शाफ्ट हातात धरून वरखाली हलला तर मात्र बेअरिंग गेले आहे. टकटक आवाजाचे उत्तरही बहुधा याच पाहणीत मिळेल, त्याविषयी पुढे लिहितो.

एका बाजूला जाड काप येण्याचे कारण मात्र गेज प्लेटकडे आहे. प्लग काढलेला असताना प्लेट धारेच्या पातळीवर येईपर्यंत जाडीचा नॉब फिरवावा आणि सरळ पट्टी प्लेटवर आडवी टेकवून, धार आणि पट्टी यांच्यातील फट वरच्या व खालच्या टोकाला फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. दोन्ही टोकांना फट सारखी नसेल तर प्लेटच्या खालच्या आधाराचे बोल्ट ढिले आहेत किंवा प्लेटच वाकली आहे. यंत्र जागेवरून हलवताना ते प्लेटला किंवा कॅरेजला धरून उचलण्याची सवय अनेक ठिकाणी असते आणि प्लेट वाकण्याचे सर्वांत मोठे कारण मी तेच मानतो. उचलताना नेहमी यंत्राच्या बुडाला, म्हणजे ओतीव सांगाड्याला धरावे. बोल्ट ढिले असतील तर प्लेट समांतर करून आवळता येते. वाकलेली प्लेट ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. ती ॲल्युमिनियमची असते, ठोकल्यावर एका जागी सरळ होते आणि दुसरीकडे फुगते.

प्लेट सरकण्याचा प्रकार वेगळा आहे. नॉबच्या मागे सर्पिल खाचेची चकती असते आणि त्या खाचेतील पिन प्लेटला मागेपुढे नेते. खाच झिजली की तिच्यात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो, आणि चालत्या यंत्राच्या कंपनाने व जिन्नसाच्या रेट्याने प्लेट तेवढी मागे जाते. नॉबला ताण देणारा नट सैल असेल तर तो नेमका आवळावा, पण इतका नव्हे की नॉब फिरवायला बळ लागेल. दुरुस्ती होईपर्यंत एक सवय उपयोगी पडते : जाडी ठरवताना नॉब नेहमी जाडकडून पातळकडे आणून थांबवावा. जिन्नसाचा रेटा प्लेटला जाडीच्या दिशेने ढकलतो. पातळकडे येऊन थांबल्यास पिन त्या रेट्याला अडवणाऱ्या भिंतीला आधीच टेकलेली असते आणि प्ले कापात उतरत नाही.

कॅरेजच्या बाबतीत दोन तक्रारी असतात, जड चालणे आणि ढिले असणे, आणि दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा सळईवर टाकलेले तेल असते. हाताशी आहे म्हणून खाद्यतेल लावले जाते. ते हवेत सुकून चिकट होते, त्यात कण अडकतात आणि बुश (सळईवर सरकणारी कॅरेजची नळी) घासला जातो. सळईला खाद्यउद्योगासाठी मान्य असलेले, एच-१ दर्जाचे खनिज तेलच लावावे, तेही जुना थर पूर्ण पुसल्यानंतर, काही थेंब. कॅरेजची बहुतेक ये-जा सळईच्या मधल्या भागावर होत असल्याने झीज तिथेच जास्त होते. म्हणून मध्यभागी प्ले मोजून बुश आवळला तर कॅरेज दोन्ही टोकांना अडकते. अशा वेळी आवळत बसण्यापेक्षा, रचना अनुमती देत असेल तर गोल सळई सोडून तिचा न झिजलेला भाग वर येईल अशी फिरवून बसवावी आणि बुश नवे टाकावेत.

धारेविषयी थोडक्यात. कापाच्या शेवटी पातळ शेपटी न तुटता राहते, ही धार बोथट झाल्याची किंवा पाते झिजून लहान झाल्याची खूण आहे. धार लावण्यापूर्वी पाते आणि दोन्ही दगड स्वच्छ हवेत. तुपकट पात्यावर दगड टेकवला की त्याची छिद्रे बुजतात, तो नुसता घसरतो आणि माणूस आणखी दाब देत राहतो. आधी धार काढणारा दगड काही सेकंद लावावा, धारेच्या पलीकडच्या बाजूला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, आली की तो सोडावा आणि बर काढणारा दगड दोनतीन सेकंदच लावावा. दुसरा दगड जास्त वेळ ठेवला तर नुकतीच आलेली धार पुन्हा जाते. पात्याचा व्यास मूळच्यापेक्षा साधारण १० ते १२ मिलिमीटरने कमी झाला की पाते बदलण्याची वेळ आली असे समजावे. मात्र आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी, कारण पाते लहान झाल्यावर धार आणि तिच्याभोवतीचे गार्ड यांतील फट वाढते व तो बोटाला धोका आहे. झिजलेल्या पात्यावर दगडही ठरलेल्या कोनात टेकत नाहीत.

आता मंदावण्याकडे वळू. पाते मंदावते तेव्हा मोटरचा आवाज कसा होतो, हे आधी ऐकावे. पाते हळू झाले, पण मोटर पूर्वीच्याच सुरात गुणगुणत राहिली, तर शक्ती मोटरपासून पात्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे पट्टा घसरतो आहे. पाते आणि मोटर दोघांचाही सूर एकदम खाली आला, तर मोटरवर भार जास्त आहे किंवा तिला पुरेशी वीज मिळत नाही. मोटर बदलण्याच्या सल्ल्याचा निकाल या एका निरीक्षणावर लागतो आणि त्याला काहीच खर्च येत नाही.

पट्टा घसरत असेल तर खालचे झाकण काढल्यावर पुरावा समोर दिसतो. तळाशी काळी भुकटी, पट्ट्याच्या शिरा (आतल्या बाजूचे लांबट उंचवटे) चकचकीत आणि जळक्या रबराचा वास. मिनिटाला १,४०० फेऱ्यांची मोटर पात्याला ३०० फेऱ्या देते, म्हणजे मोटरवरची पुली पात्याच्या पुलीच्या जवळजवळ एक-पंचमांश असते. लहान पुलीभोवती पट्ट्याचा विळखा कमी असतो, म्हणून घसरण आधी तिथेच होते आणि झीजही त्याच पुलीच्या खाचांत शोधावी. पट्ट्यावर तेल किंवा ग्रीस आले असेल तर ते कुठून आले हे पाहिल्याशिवाय नवा पट्टा टाकू नये. बहुधा पात्याच्या शाफ्टचे सील गळत असते. ताण देताना हात आखडता घ्यावा. पट्टा घसरतो म्हणून तो गच्च ताणला की घसरण थांबते खरी, पण तो ताण चोवीस तास बेअरिंगवर राहतो आणि काही महिन्यांत दुसरे, जास्त महागडे काम निघते. ज्या यंत्रांत पट्ट्याऐवजी वर्म गिअर (आट्यांच्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक) असतो, तिथे पाते थोडे पुढेमागे फिरवून मोकळी फिरकी किती आहे ते पाहावे आणि ग्रीसमध्ये पिवळसर धातूचा चुरा दिसतो का तेही पाहावे; तो काशाच्या चाकाचा असतो, जे पोलादी वर्मच्या आधी झिजते.

दोघांचाही सूर खाली येत असेल तरी मोटर सर्वांत शेवटी पाहावी. बोथट पाते, गार्डला घासणारे पाते, गच्च बेअरिंग आणि अर्धवट गोठलेला जिन्नस यांपैकी कोणतेही कारण मोटरला दमवते. त्यानंतर वीजपुरवठा पाहावा. या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे व्होल्टेज १० टक्के घटले तर जोर १९ टक्के घटतो. लांब आणि बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर यंत्र चालवले की हे सहज होते. रिकामे यंत्र ठणठणीत चालते आणि भार आला की कोलमडते. म्हणून व्होल्टेज यंत्राच्या टर्मिनलवर, भार असताना मोजावे. मग कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरण्यासाठी मदत करणारा, वीज साठवणारा भाग. मोटर नुसती घूं करते, फिरत नाही, पण वीज तोडल्यावर पाते हाताने मोकळे फिरते, अशी अवस्था असेल तर संशय कंडेन्सरवर किंवा मोटरच्या सेंट्रिफ्यूगल स्विचवर (मोटरने वेग घेतल्यावर आपोआप सुटणाऱ्या स्विचवर) घ्यावा. कंडेन्सरवर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा मोजमाप १० टक्क्यांहून अधिक कमी आले, किंवा त्याचे डोके फुगले, तर तो बदलावा. प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार साठलेला असतो. तो योग्य रोधातून सोडल्याशिवाय टोकांना हात लावू नये, आणि ज्याला वीजकामाची माहिती नाही त्याने हे काम करू नये.

टकटक आवाज फिरण्याच्या गतीवरून ओळखावा. पाते सेकंदाला ५ वेळा फिरते, मोटर सुमारे २३ वेळा. जो आवाज कानाला सुटा ऐकू येतो आणि मोजता येतो, तो पात्याच्या बाजूचा असतो. मोटरच्या बाजूचा आवाज इतका भरभर येतो की तो सलग घरघर वाटतो. आपण टकटक म्हणता, म्हणजे पात्यावरील सैल स्क्रू, धारेवरचा टवका किंवा डोलणारे पाते प्रत्येक फेरीत गार्डला टेकणे, यांपैकी एक असावे. पट्ट्याची फाटलेली शीरही टकटक करते, पण तिचा ठेका याहून निराळा असतो. सलग घरघर आणि त्यासोबत शाफ्टच्या तोंडाशी तांबूस ग्रीस दिसले तर बेअरिंगमध्ये पाणी गेले आहे. पाण्याचा जोरदार फवारा मारून यंत्र धुणे हे त्याचे नेहमीचे कारण. पट्टा काढून शाफ्ट हाताने सावकाश फिरवल्यास खराब बेअरिंग बोटांना खरखरीत लागते. नवे बेअरिंग शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर आणि घरात बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यावा, नाहीतर गोळ्यांवर डाग पडतात आणि नवे बेअरिंगही पहिल्या दिवसापासून वाजू लागते.

यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर प्लग, वायर आणि फ्यूज यांच्यानंतर कॅरेजचा व गार्डचा मायक्रोस्विच (भाग जागेवर नसेल तर यंत्र सुरू होऊ न देणारा स्विच) पाहावा. धुतल्यावर त्यात पाणी राहते किंवा गार्ड पूर्ण बसलेले नसते. त्या स्विचच्या तारा थेट जोडून, तो टाळून यंत्र चालवण्याचा मार्ग कधीही स्वीकारू नये. तीन फेजचे यंत्र जागा बदलल्यावर उलटे फिरत नाही ना, हेही बाणाकडे पाहून तपासावे.

आपल्यासाठी कामाचा क्रम मी असा ठेवीन. आधी पात्याची बैठक साफ करून, स्क्रू नीट आवळून टकटक गेली का पाहावे; मग गेज प्लेट समांतर करून दहा कापांची चाचणी पुन्हा घ्यावी; त्यानंतर भाराखाली मोटरचा सूर ऐकून पट्टा की पुरवठा ते ठरवावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. एवढे करूनही, टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज असताना आणि पट्टा उतरवलेला असतानाही मोटर रडत सुरू झाली, तिच्यातून जळका वास आला, किंवा ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणावर) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातील इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली दिसले, तरच मोटर रिवाइंड करावी किंवा बदलावी, आणि त्याच वेळी कंडेन्सर व पट्टाही नवा टाकावा.